सेवाव्रती रमाबाई रानडे

सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर नावाचे एक प्रतिष्ठित जहागीरदार घराणे नांदत होते. आज हे गाव सांगली जिल्ह्यात मोडते. या घराण्यात २५ जानेवारी १८६२ रोजी एका कन्येचा जन्म झाला. तिचे नाव यमुना असे ठेवण्यात आले. हीच कन्या पुढे रमाबाई रानडे या नावाने सर्व महाराष्ट्राला परिचित झाली.

यमुनेचे बालपण त्या काळच्या इतर मुलींप्रमाणेच गेले. तिची आई मोठी समजूतदार व परोपकारी होती. तिला झाडपाल्याच्या औषधांची चांगली माहिती होती आणि गावातील आजारी माणसांना ती औषधे देत असे. मुलांना जवळ घेऊन पुराणांतील कथा सांगण्याचीही तिला आवड होती. दुसऱ्याच्या दुःखाला धावून जावे, हा धडा यमुनेला आईच्या सहवासातच मिळाला. मात्र अक्षरांची आणि तिची गाठ पडली नव्हती. मुलीने पुस्तक हाती घेतले तर तिला वैधव्य येते, अशी समजूत त्या काळी अनेक घरांतून रूढ होती. आपल्या मुलीचे वाईट व्हावे असे कोणत्या आईबापांना वाटेल? म्हणून मुलींना शाळेत घालण्याचा विचारच कोणी करीत नसे. अकरा वर्षांची होईपर्यंत यमुनेला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.

इ. स. १८७३ च्या डिसेंबर महिन्यात यमुनेचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि सासरी तिचे नाव रमा असे ठेवण्यात आले. माधवराव रानडे हे त्या वेळी पुण्यास न्यायाधीशाच्या कामावर होते. विद्वान व थोर समाजसुधारक म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली होती. त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पत्नी दोन महिन्यांपूर्वीच निवर्तली होती. विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक असावी, असे माधवराव जाहीरपणे सांगत. त्यामुळे ते स्वतः एखाद्या विधवेशी विवाह करतील अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती आणि त्यांच्या वडिलांना तेच भय वाटत होते. वडिलांनी घाईघाईने हा विवाह ठरविला. माधवरावांच्या मनाला तो पटला नव्हता. परंतु वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाही. जे आपण लोकांना सांगतो ते आपल्या हातून घडले नाही, याबद्दल लोकांनी त्यांना पुष्कळ दोष दिला. तो दोष त्यांनी मुकाट्याने सोसला.

परंतु एक गोष्ट त्यांच्या हाती होती. आपल्या घरी आलेल्या या बालिकेला अज्ञानात ठेवावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. विवाहानंतर लगेच त्यांनी रमाबाईंच्या हाती पाटी दिली व मुळाक्षरे गिरवून घेण्यास आरंभ केला. दिवसभर कचेरीचे काम आणि सार्वजनिक कामाचा व्याप सांभाळून रात्री ते पत्नीस शिकवावयास बसत. पुढे ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका घरी येऊन रमाबाईंना शिकवू लागल्या. रमाबाईंची बुद्धी तल्लख होती आणि चिकाटी त्याहून मोठी होती. थोड्याच काळात त्या मराठी पुस्तके वाचू लागल्या. त्यानंतर माधवरावांनी त्यांना इंग्रजी शिकविण्यास सुरुवात केली.

माधवरावांचे घर मोठे होते. सासू, नणंद आणि नात्यातील अनेक वडीलधाऱ्या स्त्रिया त्या घरात राहत असत. सुनेने पुस्तक घेऊन बसावे, हे त्यांपैकी बहुतेकींना मुळीच रुचत नसे. रात्री माडीवर रमाबाई मोठ्याने धडा वाचू लागल्या की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्याची थट्टा होई. कोणी त्यांच्या वाचनाची नक्कल करी, तर कोणी टोचून बोले. पुरुषांना प्रसन्न करण्यासाठी हे सारे ढोंग चालले आहे, असेही त्यांना ऐकावे लागे. नव्याने सासरी आलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हे बोल किती झोंबत असतील! एकीकडे पतीची इच्छा आणि दुसरीकडे घरातील वडील माणसांचा रोष, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या.

अशा वेळी कोणी अभ्यास सोडून दिला असता, कोणी उलट उत्तरे देऊन घरात कलह माजविला असता. रमाबाईंनी या दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. वडील माणसांना दुरुत्तर करू नये आणि अभ्यासही सोडू नये, अशी माधवरावांची शिकवण होती. ती आचरणात आणणे कठीण होते. रमाबाई घरातील कामे सर्वांच्या बरोबरीने करीत, बोलणी खाली मान घालून ऐकत आणि रात्र झाली की पुन्हा पुस्तक उघडीत. कित्येकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. पण पुस्तक मिटले गेले नाही.

इ. स. १८७८ मध्ये माधवरावांची बदली नाशिक येथे झाली आणि रमाबाईंना प्रथमच स्वतंत्र संसार मांडण्याचा योग आला. घरखर्चाचा हिशेब ठेवणे, पाहुण्यांचे आतिथ्य करणे आणि नोकरचाकरांकडून कामे करून घेणे या गोष्टी त्या तेथे शिकल्या. टोमण्यांचा जाच नसल्यामुळे त्यांचा इंग्रजीचा अभ्यासही वेगाने झाला. पुढच्याच वर्षी माधवरावांना धुळ्यास पाठविण्यात आले. त्या सुमारास वासुदेव बळवंत फडके यांनी सरकारविरुद्ध बंड केले होते आणि पुण्यातील पुढाऱ्यांवर सरकारची संशयाची दृष्टी होती. माधवरावांच्या पत्रांवरही सरकारची नजर असे. पतीवर आलेले हे सावट रमाबाईंनी जवळून पाहिले. अन्यायाने दिलेला त्रासही मन शांत ठेवून कसा सोसावा, हे त्या येथे शिकल्या.

काही काळाने रानडे कुटुंब पुन्हा पुण्यास आले. इ. स. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई या विदुषी पुण्यात आल्या. संस्कृत भाषेवरील त्यांचे प्रभुत्व पाहून मोठमोठे पंडितही थक्क होत. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला व त्याच्या सभा दर आठवड्यास भरू लागल्या. रमाबाई रानडे या सभांना नियमाने जात. त्याच काळात त्या एका इंग्रज बाईंकडून इंग्रजीही शिकत होत्या. घरातील स्त्रियांचा संताप यामुळे अनावर झाला. त्यांनी रमाबाईंना सोवळ्यातील कामास हात लावू देण्याचे बंद केले. आपल्याच घरात परक्यासारखे वागविले जाण्याचे दुःख रमाबाईंना काही दिवस भोगावे लागले. तरी त्यांनी सभेस जाणे सोडले नाही.

याच सुमारास पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे, असा प्रयत्न माधवराव व त्यांचे सहकारी करीत होते. मुलींना माध्यमिक शिक्षण देणे ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पुण्यास आले असता एका सभेत या हायस्कूलची मागणी करणारे इंग्रजी मानपत्र वाचावयाचे होते. ते काम रमाबाईंकडे आले. सभेत मोठमोठे अधिकारी व शहरातील प्रतिष्ठित नागरिक बसले होते. अकरा वर्षांपूर्वी जिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, ती तरुणी त्या सभेत उभी राहिली आणि तिने ते मानपत्र स्पष्ट उच्चारांत वाचून दाखविले. इ. स. १८८४ मध्ये ते हायस्कूल सुरू झाले. पुढे ते हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले.

सभेत रमाबाईंचे कौतुक झाले. घरी मात्र वेगळाच प्रसंग वाढून ठेवला होता. पुरुषांच्या सभेत इंग्रजी बोलणाऱ्या सुनेवर शब्दांचा भडिमार झाला. रमाबाईंनी नेहमीप्रमाणे मौन धरले. बाहेर मिळालेली स्तुती आणि घरात मिळालेली निंदा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पचविणे सोपे नसते. रमाबाईंना ते साधले, म्हणूनच पुढील मोठी कामे त्यांच्या हातून होऊ शकली.

माधवरावांची ज्ञानाची हौस किती दांडगी होती आणि रमाबाई तीत कशा सहभागी होत, हे दाखविणारी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. इ. स. १८८६ मध्ये सरकारने नेमलेल्या अर्थसमितीच्या कामासाठी माधवरावांना कलकत्त्यास जावे लागले. रमाबाईही बरोबर होत्या. ज्या शहरात काही महिने राहावयाचे तेथील वर्तमानपत्र आपल्याला वाचता येऊ नये, ही गोष्ट माधवरावांना कमीपणाची वाटली. त्यांनी बंगाली भाषेची काही पुस्तके विकत आणली. एके सकाळी माधवराव कोणाशी तरी शब्दांच्या अर्थाविषयी बोलत आहेत, असे रमाबाईंच्या कानी आले. कोणी विद्वान गृहस्थ आले असावेत असे वाटून त्यांनी डोकावून पाहिले. तो काय! समोर न्हावी बसला होता. तो माधवरावांची दाढी करीत होता आणि माधवराव हातातील पुस्तकातल्या अडलेल्या शब्दांचे अर्थ त्याला विचारीत होते. रमाबाईंना हसू आवरेना. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले होते, आता न्हाव्यालाही गुरू करण्याची वेळ आली, अशी थट्टा त्यांनी केली. परंतु ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याच्याकडून ते घेण्यात लाज कसली, हा त्या प्रसंगाचा अर्थ त्यांच्या मनात कायमचा ठसला. माधवरावांनी त्यांनाही बंगाली शिकविले आणि त्या बंगाली पुस्तके वाचू लागल्या.

शेतकऱ्यांना सावकारी कर्जाच्या जाचातून सोडविण्यासाठी सरकारने एक कायदा केला होता. त्याची अंमलबजावणी नीट होते की नाही हे पाहण्याचे काम माधवरावांकडे आले. त्यासाठी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांतून त्यांना सतत फिरावे लागे. रमाबाई त्यांच्याबरोबर असत. हा सारा प्रवास बैलगाडीने करावयाचा, आज या गावी तर उद्या त्या गावी उतरावयाचे! ज्या गावी मुक्काम पडे तेथील मुलींची शाळा रमाबाई पाहून येत, गावातील स्त्रियांना भेटत आणि त्यांची सुखदुःखे ऐकून घेत. पुण्यातील वाड्याबाहेर पसरलेला महाराष्ट्र त्यांनी असा प्रत्यक्ष पाहिला. लेकीसुनांचे अज्ञान, बालविवाहाची रूढी आणि लहान वयात वैधव्य आलेल्या मुलींचे करुण जीवन त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांच्या भावी कार्याची बीजे या प्रवासात पेरली गेली.

इ. स. १८९३ मध्ये माधवराव मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले व हे दांपत्य मुंबईस राहू लागले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांच्या मंडळात पुढाकार घेतला. भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम, अपघातप्रसंगी करावयाचे प्रथमोपचार असे अनेक विषय तेथे स्त्रियांना शिकविले जात. पतीची प्रकृती मात्र ढासळू लागली होती. रमाबाई रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा करीत. त्यांच्या पथ्याकडे लक्ष देणे, त्यांना विश्रांती मिळेल असे पाहणे आणि त्यांना वाचून दाखविणे हाच त्यांचा दिनक्रम झाला. परंतु १६ जानेवारी १९०१ रोजी माधवरावांचे देहावसान झाले. सत्तावीस वर्षांचा सहवास संपला.

रमाबाई त्या वेळी अवघ्या अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. पती हाच त्यांचा गुरू, मित्र आणि आधार होता. तो गेल्यावर त्यांना सारे जग शून्य वाटू लागले. त्या पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. विधवेने कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य कंठावे, असा त्या काळचा रिवाजच होता. रमाबाई तशाच बसून राहिल्या असत्या, तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. उलट लोकांनी त्यांची वाखाणणीच केली असती.

परंतु रमाबाई उठल्या. पतीने रात्री जागून आपल्याला जी अक्षरे शिकविली ती केवळ आपल्यासाठी नव्हती, हे त्यांच्या ध्यानी आले. ते एक ऋण होते आणि ते फेडावयाचे तर ज्यांना कोणी शिकविणारे नाही त्यांना शिकविले पाहिजे. त्यांनी पुन्हा सार्वजनिक कामास आरंभ केला. इ. स. १९०४ च्या डिसेंबरात मुंबई येथे भारत महिला परिषद भरली. तिचे अध्यक्षपद रमाबाईंना देण्यात आले. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटावयास त्या जाऊ लागल्या. समाजाने ज्यांचे तोंड पाहणे सोडले होते त्या स्त्रियांजवळ बसून त्या त्यांना चांगल्या गोष्टी सांगत व त्यांचे मन मोकळे होऊ देत. रुग्णालयांतील रोग्यांसाठी त्या फळे व फुले घेऊन जात.

इ. स. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन नावाची संस्था काढली व रमाबाईंना तिच्या अध्यक्ष केले. त्यानंतर १९०९ मध्ये पुण्यास सेवासदनाचे काम सुरू झाले. त्यासाठी रमाबाईंनी आपला राहता वाडा दिला. गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारखा कर्तबगार सहकारी त्यांना लाभला होता. वाड्याच्या दालनांत वर्ग भरू लागले. कोणी मुळाक्षरे गिरवी, कोणी इंग्रजीचा धडा घेई, कोणी शिवणकाम शिके. येणाऱ्यांत गृहिणी होत्या, तशाच लहान वयात विधवा झालेल्या आणि सासर-माहेर दोन्हीकडून निराधार झालेल्या मुलीही होत्या. त्यांना अन्नाइतकीच स्वाभिमानाची भूक होती. कोणाच्या तरी दारी पोटासाठी राबण्यापेक्षा स्वतःच्या कष्टाची भाकरी त्यांना मिळावी, अशी रमाबाईंची तळमळ होती.

या कार्यातील सर्वांत अवघड भाग परिचारिकांच्या शिक्षणाचा होता. पुण्यातील ससून रुग्णालयात सेवासदनाच्या स्त्रियांना रुग्णसेवा शिकविण्याची व्यवस्था करण्यात आली. परंतु पांढरपेशा घरांतील लोकांना हे काम हलके वाटे. तेथे कोणत्याही जातीच्या रोग्यास स्पर्श करावा लागणार, त्याच्या जखमा धुवाव्या लागणार, रात्री-अपरात्री जागावे लागणार! आपल्या घरातील मुलीने असले काम करावे, ही कल्पनाही त्यांना सहन होत नसे. एखादी विधवा धीर करून पुढे आली तर तिचे नातलग तिला मागे खेचीत. रमाबाईंची येथे कसोटी लागली. त्यांनी कोणावर राग केला नाही. घराघरांतील वडीलधाऱ्या माणसांच्या विरोधाशी त्यांची जुनी ओळख होती. त्या स्वतः लोकांना भेटत, त्यांच्या शंका ऐकून घेत व शांतपणे समजूत घालीत. न्यायमूर्तींची पत्नी, आचारविचारांनी शुद्ध आणि देवधर्म मानणारी ही बाई जे सांगते आहे त्यात काही वावगे नसेल, असा विश्वास हळूहळू लोकांना वाटू लागला. एकीमागून एक स्त्रिया पुढे आल्या. रोग्याच्या उशाशी बसणारी परिचारिका आज सर्वांच्या आदरास पात्र आहे. त्या आदराची वाट ज्यांनी प्रथम तुडविली त्यांत सेवासदनाच्या या स्त्रिया होत्या.

सेवासदनात राहणाऱ्या मुलींना रमाबाईंनी आईची माया दिली. कोणाचा अभ्यास मागे पडला आहे, कोण आजारी आहे, कोण घरच्या आठवणीने कष्टी झाली आहे, याकडे त्यांचे बारीक लक्ष असे. त्यांची शिस्त कडक होती. वेळेचा अपव्यय आणि कामातील अजागळपणा त्यांना खपत नसे. पण त्या शिस्तीच्या पोटी वात्सल्य होते. ज्यांच्या पोटी मूल नव्हते त्या रमाबाई अशा प्रकारे शेकडो मुलींच्या आई झाल्या. त्या मुलींपैकी कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका झाल्या, आणि त्या ज्या गावी गेल्या तेथे सेवासदनाचे संस्कार घेऊन गेल्या.

या साऱ्या व्यापात इ. स. १९१० मध्ये रमाबाईंनी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे आहे. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्रस्तावना लिहिली. हे पुस्तक रमाबाईंचे असले तरी त्यात स्वतःची थोरवी कोठेही सांगितलेली नाही. पतीचे गुण, घरातील बरेवाईट प्रसंग आणि स्वतःच्या चुकासुद्धा त्यांनी सरळ, साध्या भाषेत लिहिल्या आहेत. ज्यांनी त्यांना छळले त्यांच्याविषयी लिहितानाही त्यांच्या लेखणीत विखार नाही.

रमाबाईंचा स्वभाव बंडखोर नव्हता. जुन्या चालीरीतींना एकदम धक्का देणे त्यांना पसंत नसे. काही सुधारकांना त्यांची चाल मंद वाटत असे. पण जेथे न्यायाचा प्रश्न आला तेथे त्या मागे राहिल्या नाहीत. इ. स. १९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा विचार चालू होता आणि ती सक्ती केवळ मुलग्यांपुरतीच असावी, असे काहींचे म्हणणे होते. तेव्हा रमाबाईंनी स्त्रियांना संघटित केले. मुलींनाही तोच हक्क मिळाला पाहिजे, अशी मागणी करीत स्त्रियांची मिरवणूक पुण्याच्या रस्त्यांवरून निघाली. एके काळी मान वर करून न बोलणारी सून आता शेकडो स्त्रियांच्या पुढे उभी होती. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. इ. स. १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने हा अधिकार देण्याचा ठराव मान्य केला.

इ. स. १९२४ मध्ये रमाबाईंची जीवनयात्रा संपली. पतीच्या पश्चात त्या तेवीस वर्षे जगल्या आणि त्यांतील बहुतेक सारी वर्षे त्यांनी सेवेत घालविली. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पण त्यांचे खरे स्मारक सेवासदन हेच होय.

मुलीने पाटी हाती घेतली तर ती विधवा होते, असे रमाबाईंच्या बालपणी लोक मानीत. ती समजूत खोटी होती. पाटी हाती न घेतलेल्या हजारो मुलीही विधवा होतच होत्या, आणि शिक्षण नसल्यामुळे त्यांना दुसऱ्याच्या दारी आश्रित होऊन राहावे लागत होते. रमाबाईंवर तोच प्रसंग आला तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती. त्या विद्येने त्यांना स्वतःच्या पायांवर उभे केले आणि त्यांच्यामागून अनेकींना उभे राहण्याचे बळ दिले. पुण्याच्या एका माडीवर दिव्याच्या उजेडात ज्या हातांनी भीत भीत पहिले अक्षर गिरविले, त्याच हातांनी पुढे कित्येक निराधार स्त्रियांच्या हाती पाटी दिली.